टेस्लांची मोटर आणि वेगाचा हट्ट

बऱ्हाणपुरात तापीकाठच्या जुन्या वस्त्यांतून चालणाऱ्याला यंत्रमागांचा आवाज आधी ऐकू येतो आणि माग नंतर दिसतात. फारुकी सुलतानांनी वसवलेले, पुढे मोगलांचे दख्खनेतील मुख्य ठाणे झालेले हे शहर आज मध्य प्रदेशातील यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. घरालगतच्या शेडमध्ये माग खडखडत असतात, धोटा इकडून तिकडे फेकला जात असतो आणि कोरे कापड इंचाइंचाने पुढे सरकत असते. प्रत्येक मागाच्या बुडाशी एक लहानशी मोटर बसवलेली असते. तिची शक्ती साधारण अर्ध्या ते एक अश्वशक्तीची. तिच्या आतल्या फिरत्या भागाला बाहेरून एकही तार जोडलेली नसते, त्याला घासणारा कार्बन नसतो आणि ठिणगीही नसते. कापसाच्या तुसाने भरलेल्या खोलीत ही शेवटची गोष्ट किती मोलाची, हे गिरणीत आग पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ही मोटर ज्यांच्या मनात प्रथम फिरली त्या निकोला टेस्ला यांचे नाव आज घरोघरी माहीत आहे. मात्र ते बहुधा भलत्याच कारणांसाठी घेतले जाते. मृत्युकिरण, परग्रहावरचे संदेश, दडपलेले शोध अशा गोष्टींनी त्यांच्या भोवती इतके धुके साठले आहे की, त्यांनी जगाच्या हाती प्रत्यक्षात काय दिले आणि त्यात कोणती उणीव राहिली, याचा विचार क्वचितच होतो. त्यांनी दिलेली मोटर टिकाऊ होती, स्वस्त होती. पण हट्टी होती. ती आपल्या ठरलेल्या वेगानेच फिरे. तिचा वेग माणसाच्या मर्जीप्रमाणे कमी-जास्त करता यावा, यासाठी अभियंत्यांच्या जवळजवळ तीन पिढ्या खर्ची पडल्या.

निकोलाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्याच्या लष्करी सरहद्दीवर होते. आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्ब वंशाचे. वडील मिलुतिन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक होते. आई द्यूका शाळेत कधी गेली नव्हती, पण घरकामाची हत्यारे आणि साधने ती स्वतःच्या कल्पनेने घडवी. आपल्याकडे जे काही शोधक बुद्धीचे आहे ते आईकडून आले, असे टेस्ला पुढे आयुष्यभर मानत राहिले. थोरला भाऊ घोड्याच्या अपघातात गेला आणि त्या दुःखाची सावली धाकट्यावर कायमची पडली. मुलाने धर्मोपदेशकच व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. शालेय शिक्षण संपवून घरी आलेल्या निकोलाला १८७३ मध्ये पटकीने गाठले आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. मुलगा हाती लागत नाही असे दिसताच वडिलांनी त्याला अभियांत्रिकी शिकू देण्याचे वचन दिले. मुलगा जगला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

१८७५ मध्ये टेस्ला ग्राझच्या तंत्रनिकेतनात दाखल झाले. तेथे प्राध्यापक पोएश्ल यांनी वर्गात ग्राम बनावटीचे यंत्र चालवून दाखवले. एकाच यंत्राने वीजही निर्माण होई आणि वीज दिल्यास ते मोटर म्हणूनही फिरे. त्या काळच्या सर्व मोटरींप्रमाणे ते एकदिश प्रवाहावर चालत होते. फिरत्या भागात दर अर्ध्या फेऱ्याला प्रवाहाची दिशा उलटवावी लागे. त्यासाठी तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर आणि त्यावर घासणारे ब्रश बसवलेले असत. ब्रशांपाशी निळसर ठिणग्या उडत होत्या. हा सगळा घासणारा भाग काढूनच टाकता येणार नाही काय, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला. प्राध्यापकांनी त्यावर एक संपूर्ण व्याख्यान दिले आणि ही कल्पना कायम चालणाऱ्या यंत्राच्या स्वप्नासारखीच अशक्य असल्याचे सिद्ध केले. टेस्ला काही काळ गप्प बसले. पटले मात्र नव्हते.

पुढची काही वर्षे चांगली गेली नाहीत. जुगाराचा नाद लागला, पदवी न घेताच ग्राझ सुटले आणि १८७९ मध्ये वडील वारले. प्रागमध्ये थोडे दिवस व्याख्याने ऐकून १८८१ मध्ये ते बुडापेस्टला टेलिफोन केंद्राच्या कामावर गेले. तेथे प्रकृती इतकी ढासळली की, घड्याळाची टिकटिकही सहन होईना. त्या आजारातून उठल्यावर, त्यांच्याच सांगण्यानुसार १८८२ च्या फेब्रुवारीत, एका संध्याकाळी ते अँटल सिगेती या मित्रासोबत शहरातील बागेत फिरत होते. सूर्य मावळत होता आणि टेस्ला ग्योथेच्या फाउस्टमधील सूर्यास्ताचा भाग तोंडपाठ म्हणत होते. म्हणता म्हणता ते थबकले आणि काठीने वाळूत आकृती काढू लागले. ग्राझच्या वर्गात सुरू झालेल्या वादाचे उत्तर त्यांना मिळाले होते.

उत्तर कागदावर साधे दिसते. प्रत्यावर्ती प्रवाह लाटेसारखा चढतो आणि उतरतो. एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या दोन वेटोळ्यांना असे दोन प्रवाह दिले, पण एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेहून पाव आवर्तन मागे ठेवली, तर एका वेटोळ्याचे चुंबकत्व ओसरू लागते तेव्हा दुसऱ्याचे भरू लागते. पालखीचे भोई खांदा बदलतात तेव्हा पालखी खाली येत नाही. तसेच येथे चुंबकाचे बळ कमी न होता त्याची दिशा मात्र एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. लोखंडी घर जागचे हलत नाही, पण त्याच्या पोकळीतले चुंबकीय क्षेत्र गरगर फिरत राहते. त्या पोकळीत धातूचा दंडगोल ठेवला की, फिरत्या क्षेत्रामुळे त्याच्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि क्षेत्र त्याला आपल्यामागे ओढत नेते. आतल्या भागाला तार नको, कॉम्युटेटर नको, ब्रश नकोत.

या मांडणीतच वेगाचे बंधन आले. क्षेत्र किती वेगाने फिरणार, हे दोनच गोष्टींवर ठरते. एक, प्रवाहाची लाट सेकंदाला किती वेळा चढते-उतरते, म्हणजेच वारंवारता. आणि दुसरी, वेटोळ्यांनी बनवलेल्या ध्रुवांची संख्या. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. दोन ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, चार ध्रुवांच्या मोटरीत १,५०० आणि सहांच्या मोटरीत १,०००. मधला आकडा नाही. आतला भाग क्षेत्राच्या किंचित मागे रेंगाळतो, कारण तो रेंगाळला नाही तर त्याच्यात प्रवाहच निर्माण होणार नाही. म्हणून चार ध्रुवांच्या लहान मोटरीच्या पाटीवर १,५०० ऐवजी १,४४० च्या आसपासचा आकडा कोरलेला दिसतो. व्होल्टेज थोडे कमी-जास्त केले तरी या वेगात फारसा फरक पडत नाही; फक्त मोटरीचा जोर कमी होतो आणि ती तापते.

बागेतल्या त्या संध्याकाळनंतर टेस्लांना खरेदीदार मिळायला सहा वर्षे लागली. पॅरिसमध्ये एडिसनच्या युरोपीय कंपनीत त्यांनी नोकरी धरली. कंपनीच्या कामासाठी स्ट्रासबुर्गला गेले असता १८८३ मध्ये तेथे त्यांनी पहिली छोटी मोटर स्वतःच्या हाताने बनवून फिरवून पाहिली. भांडवल घालायला कोणी पुढे आले नाही. जून १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले आणि एडिसनच्या कारखान्यात लागले. एडिसन यांचा सारा पैसा आणि प्रतिष्ठा एकदिश प्रवाहात गुंतलेली होती. टेस्ला तेथे सहा महिनेच टिकले. त्यानंतर त्यांच्या नावाने एक कंपनी निघाली आणि तिने आर्क दिवे बनवले. पण धंदा बसताच भागीदारांनी संशोधकालाच बाहेर काढले. १८८६-८७ च्या हिवाळ्यात टेस्ला रोजंदारीवर चर खणत होते. मजुरी दिवसाला दोन डॉलर.

१८८७ च्या वसंतात नशीब पालटले. आल्फ्रेड ब्राउन आणि चार्ल्स पेक या दोघांनी पैसा घातला आणि लिबर्टी स्ट्रीटवर प्रयोगशाळा उभी राहिली. १ मे १८८८ रोजी मोटरीची मुख्य पेटंटे मिळाली. त्याच महिन्याच्या १६ तारखेला अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे टेस्लांनी व्याख्यान देऊन आपल्या मोटरी चालवून दाखवल्या. जुलैत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी पेटंटांचे हक्क घेतले. करारात रोख रकमेखेरीज प्रत्येक अश्वशक्तीमागे अडीच डॉलर मानधन ठरले होते.

त्याच सुमारास इटलीत तुरीनचे प्राध्यापक गॅलिलेओ फेरारिस यांनीही फिरते क्षेत्र स्वतंत्रपणे शोधले होते. त्यांचा निबंध मार्च १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अशी मोटर दिलेल्या शक्तीच्या निम्म्याहून अधिक काम करू शकणार नाही, असा त्यांचा हिशेब निघाला आणि उद्योगासाठी त्यांनी ती निरुपयोगी ठरवली. शोध दोघांचा, हे मान्य करायला हरकत नाही. तो कामाला लावण्याची जिद्द मात्र एकाचीच होती.

मानधनाबाबत एक कथा फार रंगवून सांगितली जाते. वेस्टिंगहाउस अडचणीत असताना टेस्लांनी मैत्रीखातर करार फाडून टाकला आणि कोट्यवधींवर पाणी सोडले, अशी ती कथा. निश्चित एवढेच की, मानधनाचे ओझे कंपनीला पेलवेना आणि अखेर १८९७ मध्ये २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन पेटंटे तिच्याकडे गेली. पुढच्या शतकात या मोटरी किती बनल्या हे पाहता ही रक्कम किरकोळ होती.

करारानंतर टेस्ला पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात राहायला गेले आणि तेथे वेगाचा प्रश्न पहिल्यांदा त्यांच्या दारात आला. कंपनीची सारी यंत्रे सेकंदाला सुमारे १३३ आवर्तनांच्या विजेसाठी बनवलेली होती. दिव्यांना ती चालत असे. पण त्या वारंवारतेवर चार ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला ४,००० फेरे घेई. त्या काळच्या कोणत्या करवतीला, कोणत्या मागाला एवढा वेग हवा होता? शिवाय कंपनीची वीज एकाच लाटेची होती आणि या मोटरीला दोन लाटा लागत. टेस्लांना आवर्तने साठच्या आसपास हवी होती. कंपनीच्या अभियंत्यांना जुनी यंत्रे मोडीत काढायची नव्हती. वर्षभर वाद घालून टेस्ला १८८९ मध्ये न्यूयॉर्कला परतले. पुढे स्कॉट आणि लॅम या अभियंत्यांनी ते काम तडीस नेले आणि अमेरिकेत ६० आवर्तने रूढ झाली, युरोपात ५०. युरोपात एईजी कंपनीचे दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये तीन लाटांची, आत पिंजऱ्यासारख्या तांब्याच्या दांड्या असलेली मोटर बनवली. आज आपण थ्री-फेज मोटर म्हणतो ती बांधणी मुख्यतः त्यांचीच आहे.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात टेस्लांच्या दालनात तांब्याचे एक अंडे ठेवले होते. वीज सुरू होताच ते लवंडलेल्या स्थितीतून उठून टोकावर उभे राहून गरगर फिरे आणि पाहणारे थक्क होत. दोन वर्षांनी नायगाराच्या धबधब्यावर ५,००० अश्वशक्तीची जनित्रे फिरू लागली. नोव्हेंबर १८९६ मध्ये तेथील वीज बफेलो शहरात पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी टेस्लांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. आपल्याकडे तिचा उल्लेख नेहमी होतो, मात्र मोटरीच्या इतिहासाशी तिचा संबंध नाही.

तोपर्यंत टेस्लांचे मन मोटरीतून निघून गेले होते. १८९० पासून ते उच्च वारंवारतेच्या नादी लागले होते. सेकंदाला हजारो आवर्तने देणारी जनित्रे त्यांनी बनवली आणि त्याहून कितीतरी पुढे जाणारे त्यांचे प्रसिद्ध वेटोळेही. यात एक विलक्षण योग आहे. मोटरीच्या वेगाची किल्ली वारंवारतेत होती आणि वारंवारतेशी खेळण्यात या माणसाचा हात धरणारे त्या काळी कोणी नव्हते. पण प्रयोगशाळेतील ठिणग्यांची वारंवारता वेगळी आणि कारखान्याची यंत्रे ओढणाऱ्या विजेची वेगळी. वीजगृहातून येणाऱ्या विजेची आवर्तने बदलायची, तर अख्खे जनित्र हळू किंवा जलद फिरवावे लागणार. आणि त्यावर साऱ्या शहराचे दिवे व मोटरी अवलंबून.

जेथे जनित्र स्वतःच्या मालकीचे होते तेथे हे करता येई, म्हणजे जहाजावर. अमेरिकन आरमाराच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर वाफेच्या टर्बाइनने जनित्र फिरे, जनित्राची वीज प्रवर्तन मोटरींना मिळे आणि टर्बाइनचा वेग बदलला की वारंवारता बदलून जहाजाचे पंखेही हळू-जलद होत. टेस्लांनी १९१७ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या पद्धतीची पाठराखण केली होती. जमिनीवरच्या कारखान्यांना ही चैन परवडणारी नव्हती.

मग जमिनीवर काय केले गेले? वॉर्ड लिओनार्ड या अमेरिकन अभियंत्याने १८९१ मध्ये एक वाट काढली. प्रत्यावर्ती मोटरीने एकदिश जनित्र फिरवायचे, त्याचे व्होल्टेज कमी-जास्त करायचे आणि त्यावर एकदिश मोटर चालवायची. एका यंत्रासाठी तीन यंत्रे लागत, पण वेग लोण्यासारखा बदलता येई. लिफ्ट, खाणींतील उचलयंत्रे आणि कागदाचे कारखाने पुढची अनेक दशके याच पद्धतीवर चालले. दुसरी वाट स्लिपरिंग मोटरीची. तिच्यात आतल्या भागाला वेटोळी देऊन ती कड्यांमार्फत बाहेरच्या रोधाशी जोडतात. रोध वाढवला की मोटर मागे रेंगाळते आणि वेग उतरतो. मात्र वाचलेली शक्ती उष्णता होऊन वाया जाते. क्रेनला हे चालते, दिवसभर फिरणाऱ्या यंत्राला नाही. तिसरी वाट स्वीडनमधील श्रागे यांच्या मोटरीची. तिच्यावरील ब्रशांचे दोन संच हाताने सरकवले की वेग बदलत असे. कापडगिरण्यांनी ती आनंदाने स्वीकारली.

या तीनही वाटांत एक गोष्ट समान होती. वेग हवा असेल तर घासणारा भाग पुन्हा आणावा लागे. ग्राझच्या वर्गात ज्या ठिणग्यांवर वाद झाला, त्याच मागच्या दाराने आत आल्या. तूस, धूळ, झिजणारे कार्बन आणि दर काही महिन्यांनी होणारी साफसफाई हा वेगबदलाचा मोबदला होता, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ द्यावा लागला.

भारतात हा इतिहास गिरण्यांतून घडला. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याआधीच्या दशकात बऱ्हाणपूरच्या लालबाग भागात ताप्ती मिल उभी राहिली होती. त्या पिढीच्या गिरण्यांत एकच वाफेचे इंजिन असे, छताखालून लांबच लांब दांडा जाई आणि चामडी पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. प्रवर्तन मोटरीने तो दांडा आणि ते पट्टे हळूहळू हद्दपार केले, कारण प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर परवडू लागली. घराघरांत विखुरलेला यंत्रमागाचा धंदा, जसा बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत दिसतो, तो या स्वस्त आणि दणकट मोटरीशिवाय शक्यच नव्हता. टेस्लांना या गावांची नावेही ठाऊक नसणार.

साध्या मागाने मोटरीच्या हट्टाशी जुळवून घेतले. मोटरीवरची पुली लहान, मागावरची मोठी, की मिनिटाला हजाराच्या घरातले फेरे सव्वाशे-दीडशेवर येतात. वेग बदलायचा असेल तर पुली बदलायची. पण विजेच्या जाळ्याचीच आवर्तने घसरली, तर पुली काय करणार? १९९० च्या दशकात पश्चिम विभागाच्या जाळ्यात, ज्यातून गोव्यालाही वीज मिळते, मागणीच्या वेळी वारंवारता ४९ हर्ट्झच्या खाली जाणे नवे नव्हते. तेव्हा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला पंप आणि बऱ्हाणपूरचा माग एकाच वेळी, एकाच प्रमाणात मंदावत. मिनिटाला १४० आडवे धागे घालणारा माग १२ तासांच्या पाळीत, न थांबता चालला तर, १,००,८०० धागे घालतो. वेग दोन टक्क्यांनी उतरला की दोन हजार धागे कमी पडतात. सेंटिमीटरला २० धागे धरले तर एका मागावर मीटरभर कापड गेले. मीटरवर मजुरी मोजून घेणारा कामगार सहा-आठ माग सांभाळत असेल, तर त्याचे नुकसान त्याला समजते, कारण समजत नाही.

टेस्लांच्या आयुष्याचा उत्तरार्ध हा घसरणीचा इतिहास आहे. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांची प्रयोगशाळा जळाली आणि वर्षानुवर्षांच्या टिपणांची राख झाली. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या माळावर त्यांनी कृत्रिम विजा पाडल्या. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांच्या दीड लाख डॉलरांवर लाँग आयलंडला मनोरा सुरू केला, तोही तारेवाचून जगभर संदेश आणि शक्ती पाठवण्यासाठी. पैसा आटला, मॉर्गन यांनी हात आखडला, मनोरा अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. त्याच वर्षी अभियंत्यांनी त्यांना सन्मानाचे पदक दिले. त्या पदकाला नाव एडिसनचे होते. त्यानंतर एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, थकलेली बिले मागे ठेवत, ते राहत गेले. लग्न केले नाही. जिव्हाळा उरला तो कबुतरांपुरता. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्यांना दरमहा १२५ डॉलर आणि खोलीचे भाडे देऊ लागली. अश्वशक्तीमागे अडीच डॉलरांच्या कराराची ही परिणती होती. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थी पुढे बेलग्रेडला नेण्यात आल्या. चुंबकीय क्षेत्राच्या घनतेच्या एककाला १९६० मध्ये त्यांचे नाव मिळाले.

वेगाचे कोडे सुटायला त्यांच्या मृत्यूनंतर आणखी काही दशके जावी लागली. १९५७ मध्ये अमेरिकेत थायरिस्टर हा अर्धवाहकाचा स्विच तयार झाला. त्याने आणि त्याच्या नंतर आलेल्या जलद स्विचांनी जे जनित्राला जमत नव्हते ते जमवले. जाळ्यातून येणारी वीज आधी एकदिश करायची आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचे लहान-मोठे तुकडे असे जोडायचे की, मोटरीला हव्या त्या वारंवारतेची लाट आल्यासारखे वाटावे. वारंवारता उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते, नाहीतर मोटरीचे लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरून ती जळते. या पेटीला कारखान्यांत नुसते ड्राइव्ह किंवा व्हीएफडी म्हणतात. मोटर तीच, ब्रश नसलेली. शहाणपण सारे पेटीत. १९९० च्या दशकात भारतीय रेल्वेने थ्री-फेज मोटरींची इंजिने आणली, तीही याच तत्त्वावर चालतात. भुसावळ-खंडवा मार्गावर बऱ्हाणपुरातून जाणाऱ्या आणि २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरून गोव्यात येणाऱ्या गाड्या अशी इंजिने ओढतात.

पंप आणि पंख्यांच्या बाबतीत ड्राइव्हचा लाभ चकित करणारा आहे. त्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. वेग निम्मा केला तर एक अष्टमांश. पूर्वी झडप अर्धी मिटून पाणी कमी करत आणि मोटर मात्र पुऱ्या वेगाने पळत राही. जगातील विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज मोटरी खातात, हे ध्यानात घेतले की या घनाचे वजन कळते. बऱ्हाणपुरात त्याला आणखी एक किनार आहे. १६१५ च्या सुमाराचा तेथील कुंडी भंडारा सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भूमिगत बोगद्यांतून केवळ उताराने शहरात आणत असे. आज जिल्ह्यातल्या केळीच्या बागा पंपांवर जगतात.

वेग हव्या त्या आकड्यावर धरण्याची खरी परीक्षा मात्र कागदाच्या कारखान्यात होते आणि असा एक मोठा कारखाना बऱ्हाणपूर जिल्ह्यातच आहे. नेपानगरचा नेपा मिल हा देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. बांबू आणि सालईच्या लाकडापासून तेथे कागद बनू लागला. कागदाच्या यंत्रात ओला लगदा जाळीवर पसरतो, दाबाच्या रुळांतून जातो, वाफेच्या तापलेल्या नळकांड्यांवर वाळतो आणि शेवटी गुंडाळला जातो. प्रत्येक टप्प्यावर कागद किंचित ताणतो किंवा आकसतो, म्हणून प्रत्येक टप्प्याचा वेग मागच्याहून किंचित वेगळा लागतो. टक्क्याच्या अंशाइतकी चूक झाली की पट्टा तुटतो आणि यंत्र थांबते. त्या काळी अशा यंत्रांवर एकदिश मोटरींचे राज्य होते, ते याच कारणाने. प्रत्यावर्ती मोटर त्या जागी बसू शकली ती ड्राइव्ह इतके अचूक झाल्यावर. नेपा मिलचे उत्पादन नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

ड्राइव्हची दुखणीही आहेत. मोटर फार हळू फिरवली की तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती गुदमरते. स्विचांच्या जलद ठोक्यांमुळे बेअरिंगमधून सूक्ष्म प्रवाह वाहून त्यांवर खड्डे पडतात. ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात पेटीकडून पुरे काम घेता येत नाही आणि तापीच्या खोऱ्यात वैशाखात पारा त्याच्या पुढेच असतो. कापसाचे तूस तिच्या जाळीवर साचले तर आठवड्यात ती बंद पडते. साध्या धोट्याच्या मागाला तिची गरजही फारशी नाही. त्याचा वेग धोट्याच्या उडीने बांधलेला आहे.

गरज आहे ती सायझिंगला. मागावर चढण्यापूर्वी ताण्याचे हजारो धागे खळीच्या हौदातून काढून, तापलेल्या नळकांड्यांवर वाळवून बीमवर गुंडाळतात. धागा तुटला तर यंत्र रांगत्या वेगावर आणून तो जोडायचा असतो. ते पूर्ण थांबवले तर हौदातले सूत खळ पिऊन कडक होते आणि नळकांड्यावरचे करपते. शिवाय बीम भरत जातो तसा जाड होतो. तो त्याच फेऱ्यांनी फिरत राहिला तर धाग्याची ओढ वाढत जाऊन तो तुटतो. पूर्वी कारागीर पट्टा शंकूच्या आकाराच्या पुलीवर हाताने सरकवत बीमकडे डोळे लावून बसे. आता ताण मोजणारा रूळ ड्राइव्हला कळवतो आणि बीमच्या प्रत्येक थरागणिक मोटरीचे फेरे आपोआप थोडे थोडे उतरत जातात.